कहकशांनं जे ठेवलंच नव्हतं

कॅसेट ऐकत मराठी टाइप करणारी बाई त्या काळी लातुरात एकच होती, कहकशां. माणसं बोलताना अर्धे शब्द गिळतात, मध्येच कानडीत शिरतात, पदर तोंडाला लावून रडतात. त्या सगळ्यातून ती वाक्य बरोबर उचलायची. बोलणारी गप्प झाली की तिथं ती एक शब्द टाकायची, ‘थांबल्या’. ही तिची स्वतःची पद्धत. कुणी शिकवलेली नव्हती.

तिचे वडील जिल्दसाज. गंजगोलाईच्या बाजारामागं एका गाळ्यात शाळेची पुस्तकं बांधायचे. घरात दखनी, शाळा उर्दू, आणि मराठी तिनं गल्लीतून आणि टायपिंगच्या क्लासातून मिळवली. भूकंप झाला त्या वर्षी ती अठराची होती. लातूर हादरलं पण उभं राहिलं. किल्लारीकडची गावं मात्र मातीत गेली. तिच्या टायपिंगच्या सरांनी तिला मदतीच्या ऑफिसात बसवलं. दिवसभर माणसं येऊन सांगायची, ती टाइप करायची. संध्याकाळी वडील विचारायचे, “क्या क्या सुनी आज?” ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणायची, “काम की बात है अब्बा.” त्यापुढं एक शब्द नाही.

पुढं तिचं मुज्तबाशी लग्न झालं. तोवर लातूर बदललं होतं. दहावी-बारावीला इथली पोरं राज्यात नंबर काढायला लागली आणि गावोगावचे आईबाप लेकरं घेऊन लातुरात उतरायला लागले. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात भाड्याची पोरं. मुज्तबानं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर घेतला आणि एका मोठ्या क्लासच्या फिजिक्सच्या नोट्स टाइप करायला सुरुवात केली. दुपारनंतर मशीन त्याचं. सकाळी तो नोट्स पोचवायला बाहेर पडला की कहकशांचं.

तिच्याकडं सकाळचं काम आलं ते महादेवी बिराजदार यांच्यामुळं. महादेवीताई मानसशास्त्र शिकलेल्या, मूळ उदगीरच्या. भूकंपाला सात-आठ वर्षं झाल्यावर त्या वसवलेल्या नव्या गावांत जाऊन बायकांशी बोलायच्या. पत्र्याच्या शेडातून पक्क्या घरात आलेल्या, पण अजून रात्री दाराला कडी न लावणाऱ्या बायका. ताई बोलणं टेप करायच्या, पण आधी शब्द द्यायच्या: नाव कुठं येणार नाही, कॅसेट पुसली जाईल, लिहिलेलं माझ्या कपाटात राहील.

हा शब्द कहकशांनंही पाळला. मशीनमध्ये ती काहीच ठेवायची नाही. टाइप केलेलं थेट फ्लॉपीवर, फ्लॉपीला पासवर्ड, आणि काम संपलं की फ्लॉपी महादेवीताईंच्या हातात. कानाला हेडफोन असल्यानं खोलीतल्या दुसऱ्या माणसालाही काही ऐकू जायचं नाही. मजकूर लांबला की मशीन अडखळायचं, आतून करकर आवाज यायचा, पुढचा तांबडा दिवा लुकलुकत राहायचा. जुनं मशीन आहे, दमतं, असं ती म्हणायची.

शिवम्माची कॅसेट तिनं अशीच उतरवली. टाइप करून झाल्यावर त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला नाही. मुज्तबानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

त्याला दोनेक वर्षं झाली. २००३ सालच्या सप्टेंबरात भूकंपाला दहा वर्षं झाली म्हणून सगळी वर्तमानपत्रं त्या आठवणींनी भरली होती. एका सकाळी महादेवीताई दारात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. हातातला घडी घातलेला अंक पुढं केला. नांदेडकडच्या नायगावचं कुठलंसं साप्ताहिक होतं.

“वाच.”

कहकशांनं वाचलं. ‘ढिगाऱ्यातून वाचलेल्या एका मातेचं मनोगत’ असा मथळा होता. नाव नव्हतं, गाव नव्हतं. मजकूर असा होता:

‘मदतीला आलेल्या लोकांनी इचारलं, हितं कुणी हाय का. मी न्हाई म्हणलं. जाऊ आतून हाका मारायली हुती. तिच्या पायाला प्लास्टर होतं, तिला सरकाया येईना. पर माझी लेक पल्याडच्या भिंतीखाली हुती. थांबल्या. त्येंनी हितं हात घातला असता तर तिकडं कोन गेलं असतं?’

कहकशांचं बोट त्या ‘थांबल्या’वर थांबलं.

“हे तुझं आहे,” महादेवीताई म्हणाल्या. “छापणाऱ्याला कळलंसुद्धा नाही की हे शिवम्माचं बोलणं नाही, तुझी खूण आहे. म्हणजे कुणी ऐकीव सांगितलेलं नाही. तू टाइप केलेलं जसंच्या तसं तिथं गेलंय.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. शिवम्माची लेक अक्षरा, ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली, आता लातुरातच बारावीला होती. मुज्तबा ज्या क्लासला नोट्स द्यायचा त्याच क्लासात. तिच्या वर्गातल्या नायगावच्या मुलीनं हा अंक आणला, तुमच्या भागातलं आहे म्हणून दाखवला. अक्षरानं वाचलं, एसटी धरली आणि गावी जाऊन आईसमोर अंक टाकला. “काकीच्या पायाला प्लास्टर होतं ना?” एवढंच विचारलं तिनं. ओसरीवर तिचा काका धोंडप्पा बसला होता. मेलेली जाऊ ही त्याची बायको. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. अक्षरा क्लासात परत आली, पण आईचा फोन घेत नाही.

“फ्लॉपी माझ्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडं,” महादेवीताई म्हणाल्या. “मग राहिलं कोण?”

कहकशांला राग आला. “कपाट तर तुमचंच हाय ना ताई. तुमच्या घरात माणसं न्हाईत का?”

इतक्या कॅसेटी एकमेकींच्या भरवशावर उतरवलेल्या बायका, पण त्या क्षणी दोघींच्याही मनात एकच होतं, की समोरची खोटं बोलतेय. महादेवीताई निघून गेल्या. अंक तिथंच टेबलावर राहिला.

त्या दुपारपासून कहकशांचं घरातलं लक्ष बदललं. महादेवीताई नाहीत, मी नाही, तर मग या खोलीत बसणारा तिसरा माणूस एकच. मुज्तबा. आधी कधी न खटकलेल्या गोष्टी आता एकाला एक चिकटायला लागल्या. तो हल्ली वरचेवर नांदेडला जायचा. टोनर आणायला म्हणायचा, पण टोनर लातुरातही मिळायचा. एकदा त्यानं विचारलं होतं, “ये औरतां इत्ता रोते कायकू?” तेव्हा ती हसली होती. आता वाटलं, रडतात हे त्याला कळलं कसं? हेडफोन तर माझ्या कानाला होता. अक्षरा ज्या क्लासात, तिथं हा रोज जातो. आणि मशीनमधला मराठी फॉन्ट, तो तर दोघांचा एकच.

तिनं त्याला पारखायचं ठरवलं. एक खोटी बाई बनवली. ढिगाऱ्यात जावेच्या पाटल्या सापडल्या आणि त्या मी कुणाला न सांगता पुरून ठेवल्या, असा चांगला पानभर मजकूर टाइप केला. तो पडद्यावर तसाच उघडा ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन दाराच्या पडद्याआडून बघत राहिली. मुज्तबा आला. मशीनच्या पडद्याकडं नजर गेली. मग त्यानं ती खिडकी खाली घातली आणि स्वतःची भिंगाची आकृती उघडून बसला.

दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. कहकशांला वाटलं, याला माहीत आहे मी बघतेय.

संध्याकाळी तिनं सरळच विचारलं. मुज्तबानं अंक वाचला, पुन्हा वाचला.

“किसकू दिया तू ये?” ती म्हणाली.

“मेरेकू क्या मालूम? मैं तेरे कामकू हात लगाया क्या कभी?”

“नांदेडकू कायकू जाता तू?”

त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी अंकाची घडी घातली. ते तिनं बरोबर टिपलं. मग त्याला ती पाटल्यांची गोष्ट आठवली असावी. त्यानं मशीनकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. “तो वो पन्ना मेरे वास्ते खुला रखी थी? मेरे पे पहरा?” जेवणाचं ताट तसंच ठेवून तो भावाच्या घरी गेला. दिवसा येऊन नोट्स टाइप करायचा, पोचवायचा, पण घरात पाणीही प्यायचा नाही.

मग कहकशां स्वतःच निघाली. लातूरहून नांदेड, नांदेडहून दुसरी एसटी पकडून नायगाव. साप्ताहिकाचं ऑफिस म्हणजे रस्त्यावरचा एक गाळा होता. पुढं संपादकाचं टेबल, मागं छपाईची कागदं. संपादक शेषेराव पन्नाशीचे, पांढरा सदरा. बुरख्यातली अनोळखी बाई बघून ते सावरून बसले.

“कोण पाठवलं तुम्हाला?”

“कुणी न्हाई. हे तुमच्या अंकात छापलंय. तुम्हाला कुणी दिलं?”

“पत्रकाराला असं विचारत नसतात बाई. सूत्र सांगत नसतो आम्ही.” मग आवाज बारीक करून, “तुम्ही पोलिसाकडनं तर न्हाई ना?”

“हे मी टाइप केलंय,” कहकशां म्हणाली. “ह्यात ‘थांबल्या’ म्हणून जे हाय, ते त्या बाईनं म्हटलेलं न्हाई. ती थांबली होती म्हणून मी लिहिलं.”

शेषेरावांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. ओठ हलवत पुन्हा वाचली.

“मला ते व्याकरण चुकल्यासारखं वाटलं होतं,” ते म्हणाले. “पण भावनेच्या भरात बोलतेत माणसं, म्हणून राहू दिलं.”

“दिलं कुणी?”

“कुणीच न्हाई दिलं बाई. माझ्याच मशीनीत निघालं.”

हे तर सरळ थाप आहे, असं तिला वाटलं. शेषेराव सांगत राहिले. जून महिन्यात लाइट गेली आणि त्यांच्या मशीनमधले सगळे लेख उडाले. नांदेडला शिवमूर्ती म्हणून मशीन दुरुस्त करणारे आहेत, ज्यांच्याकडून हे मशीन सेकंडहँड घेतलं होतं. त्यांनी उडालेलं परत काढून दिलं. तुकडे तुकडे निघाले, सगळी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं. त्यांना मराठी फॉन्ट लावला की मजकूर दिसायचा. त्यातच हा तुकडा होता.

“मला वाटलं कुण्या वाचकानं पाठवला असंल आणि आमच्याकडनं नाव गळालं असंल. दहावं वर्ष होतं. चांगलं वाटलं. छापलं.”

“नाव न्हाई म्हणून कळणार न्हाई, असं वाटलं तुम्हाला?”

शेषेरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तिचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. बसमध्ये सारखं मनात येत होतं, हा आणि तो नांदेडचा, दोघं मिळून सांगतायत. तरी ती नांदेडला उतरल्यावर वजिराबादेत शिवमूर्तींचं दुकान विचारत गेली. दुकानात उघडी मशीनं एकावर एक रचलेली. शिवमूर्ती तिशीतले, पॉलिटेक्निकला शिकलेले. शेषेरावांच्या मशीनचं नाव काढताच म्हणाले, “आता काय झालं त्याला? वॉरंटी संपली हं.”

“त्यातली डिस्क कुठून आली होती?”

त्यांनी कपाळ खाजवलं. “ते मशीन मी जोडून दिलं होतं. डिस्क... लातूरची. बदलीत आलेली. मोठी डिस्क हवी होती त्यांना, आकृत्या बसत नव्हत्या म्हणून. नोट्स टाइप करतेत ते. मुज्तबाभाई.”

कहकशां तिथल्या स्टुलावर बसली. मुज्तबानं मोठी डिस्क बसवली हे तिला माहीत होतं. जुनी पेटीत ठेव, कुणाला देऊ नको, असं तिनं त्याला बजावलं होतं. त्यानं ठेवली म्हणून सांगितलं होतं.

“पण त्यात काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “मी एक ओळ कधी त्यात ठेवली न्हाई. सगळं फ्लॉपीवर.”

“फ्लॉपीवर ठेवलं हे खरं. पण टाइप करताना ते होतं कुठं?”

“मशीनच्या मेमरीत. बंद केलं की जातं ते.”

“मेमरी किती होती?”

“बत्तीस एमबी.”

शिवमूर्तींनी एक उघडं मशीन पुढं ओढलं. मेमरीची बारकी पट्टी दाखवली, मग डिस्कची पत्र्याची डबी. “ही पट्टी म्हणजे तुमचं टेबल समजा. टेबल भरलं की मशीन काय करतं, समोर नको असलेलं उचलून ह्या डिस्कवर नेऊन टाकतं. लागलं की परत आणतं. त्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतेत. तुम्हाला ना विचारतं, ना सांगतं. तुम्ही लांबलचक टाइप करताना करकर वाजत असंल, दिवा लुकलुकत असंल, तेव्हा हेच चाललेलं असतं. पट्टीवरचं बंद केल्यावर जातं. डिस्कवर टाकलेलं जात न्हाई. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच असतं.”

“मग पासवर्ड?”

“पासवर्ड फ्लॉपीला. तुम्ही वाचत होता, टाइप करत होता, तेव्हा तर ते उघडंच होतं ना? उघडं असतानाच उचललं त्यानं.”

“तुम्ही वाचलं होतं का?” कहकशांनं विचारलं.

शिवमूर्ती जरा दुखावले. “मला कचरा अक्षरं दिसत होती बाई. दिवसाला असलं किती बघतो. फॉन्ट त्यांनी लावला.” मग म्हणाले, “पण बदलीत आलेली डिस्क मी पूर्ण पुसून द्यायला हवी होती. नुसती फॉरमॅट मारून दिली. फॉरमॅटनं पाटी जाते, सामान तसंच राहतं.”

ती घरी आली तरी तिला हे पटलं नव्हतं. दोन माणसं, दोघांच्याही गोष्टी एकमेकांत नीट बसणाऱ्या. फार नीट बसल्या की संशय येतोच. शिवमूर्तींनी कागदावर लिहून दिलं होतं तसं तिनं सकाळी केलं. मशीन बंद करून काळ्या पडद्यावर सुरू केलं, आणि जी फाइल तिनं किंवा मुज्तबानं कधी बनवली नव्हती, पण जी डिस्कवर सगळ्यात मोठी होती, मशीन उचललेलं जिथं नेऊन टाकतं तीच, तिची नक्कल काढली. मग नेहमीसारखं सुरू करून ती नक्कल उघडली. पानंच्या पानं चौकोन, फुल्या, तुटकी इंग्रजी अक्षरं. तिनं सगळ्याला मराठी फॉन्ट लावला आणि खाली खाली जात राहिली.

आधी भिंगाचं सूत्र निघालं. मग क्लासच्या परीक्षेचा एक प्रश्न, जो अजून पोरांना दिलेला नव्हता. मग तिची स्वतःची ती खोटी बाई निघाली. ‘पाटल्या कुणाला न सांगता पुरून’ इथपर्यंत, पुढं फुल्या. तो मजकूर तिनं कुठंच ठेवला नव्हता. खिडकी बंद करताना ‘ठेवू का’ विचारल्यावर ‘नको’ म्हटलं होतं.

मुज्तबा नोट्स टाइप करायला आला तेव्हा ती मशीनसमोरच बसली होती. तिनं काही विचारलं नाही, नुसता पडदा दाखवला. तो वाचत उभा राहिला.

“पुरानी डिस्क पेटीमें नहीं है,” तो म्हणाला. “खाली है बोलके बदलीमें दिया मैं. फॉरमॅट मारके दिया. तेरेकू बोला नहीं, क्योंकि तू नक्को बोली थी.”

“और नांदेड?”

“उदर दुकान देख रहा था. लातूर में अब हर गली में टाइपवाले. सोचा जमा तो बोलूंगा.”

म्हणजे त्यानं चोरी केली नव्हती, पण खोटं बोलला होता. आणि तिनं त्याच्यावर आळ घेतला होता तो चुकीचा होता, पण अगदीच हवेतला नव्हता. यातलं कुठलं मोठं, हे दोघांनाही ठरवता येईना. तो घरी राहायला परत आला. बोलणं सुरू झालं. पण काही बोलायच्या आधी किंचित थांबायची सवय दोघांनाही लागली, ती पुष्कळ दिवस राहिली.

महादेवीताईंकडं ती त्या फाइलमधला तुकडा फ्लॉपीवर घेऊन गेली. ताईंनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “मी तुझ्याबद्दल दोघातिघांना बोलले.” कहकशां म्हणाली, “मी बी तुमच्याबद्दल बोलले असते. मला कुणी विचारलं न्हाई.” त्यावर महादेवीताई पहिल्यांदा हसल्या आणि लगेच रडल्या.

शेषेरावांना माफीची चौकट छापायची होती. महादेवीताईंनी त्यांना हात जोडून थांबवलं. माफी छापली की ज्यांनी वाचलं नाही तेही जुना अंक शोधतील. त्यापेक्षा डिस्क द्या म्हणाल्या. त्यांनी दिली. शिवमूर्तींनी नवी डिस्क बसवून दिली आणि जुनी पहिल्या टोकापासून शेवटापर्यंत शून्यांनी भरून काढली. कहकशांला तेवढ्यानं झोप लागली नसती. तिनं ती डबी लोहाराकडं नेली आणि तिचा चपटा पत्रा होईपर्यंत समोर उभी राहिली.

मग दोघी गावी गेल्या. वसवलेलं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं, दोन घरांत मुद्दाम सोडलेलं अंतर. शिवम्मा दारातच उभी होती. आत या म्हणाली नाही.

“कुणी सांगितलं?” तिनं विचारलं.

“कुणीच न्हाई,” कहकशां म्हणाली. आणि जे झालं ते तिनं जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. टेबल, डबी, उचलून टाकलेलं.

शिवम्मानं शेवटपर्यंत ऐकलं. “मशीनला काय पडलंय माझं ठेवून घ्यायचं?” ती म्हणाली. “माणूसच हाय कुणीतरी. तुमी त्येला झाकायलाव.”

तेवढ्यात शेजारच्या घरातून धोंडप्पा आला. उंच, वाकलेला, डोक्याला पांढरा फेटा. तो वहिनीकडं न बघता कहकशांसमोर उभा राहिला.

“कॅसेट तुमीच ऐकली म्हणं.”

“हाव.”

“छापलंय ते थोडं हाय. समदं तुमाला ठावं असंल.” त्याचा आवाज साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. “एकच सांगा. ती हाका मारायली हुती, ती किती येळ?”

कहकशांला ठाऊक होतं. शिवम्मानं ते कॅसेटीत सांगितलं होतं. हाका कशा बारीक होत गेल्या, शेवटची कोणती होती, तेही. मुळात त्या जागीच सगळ्यात जास्त ‘थांबल्या’ होते. समोरचा माणूस दहा वर्षं ज्याच्यावाचून राहिला होता ते तिच्याजवळ होतं, आणि ते देऊन टाकावं असं तिला फार वाटलं.

“मला सांगता येणार न्हाई मामा,” ती म्हणाली. “ते माझं न्हाई.”

“छापाया चालतं, मला सांगाया चालत न्हाई?”

“छापलं ते चुकलं. म्हणून आता मी सांगितलं तर ते बरोबर होत न्हाई.”

धोंडप्पा एक पाऊल पुढं आला. तो मारेल की काय असं महादेवीताईंना वाटलं, त्या पुढं सरकल्या. मागून शिवम्माचा आवाज आला.

“भाऊजी. मला इचारा.”

कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. तो वळला. ती उंबऱ्याच्या आत सरकली, त्याला वाट दिली. तो चप्पल काढून आत गेला. दोघी बायका बाहेर रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि आतलं ऐकू येणार नाही इतक्या लांब गेल्या. एसटीची वेळ होईपर्यंत ते दार उघडलं नाही.

आत काय झालं ते कहकशांला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. एवढंच कानावर आलं की दोन्ही घरं पूर्वीसारखी एका ताटात जेवत नाहीत, पण दिवाळीला धोंडप्पाच्या घरचं फराळाचं ताट शिवम्माकडं आलं होतं. अक्षरानं आईचा फोन घ्यायला सुरुवात केली. आपल्यासाठी कुणीतरी मेलं, हे घेऊन अभ्यास कसा करायचा ते तिला त्या वर्षी जमलं नाही. मेडिकलचा नंबर हुकला. पुढच्या वर्षी तिला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली.

महादेवीताईंनी ज्या ज्या बायकांचं बोलणं टेप केलं होतं त्या सगळ्यांकडं जाऊन काय झालं ते सांगितलं. कहकशां प्रत्येक वेळी सोबत गेली. काहींनी आपलं बोलणं परत मागितलं, तेव्हा ताईंनी त्यांच्यासमोर फ्लॉपी कातरून टाकली. काही म्हणाल्या, राहू द्या, कुणी वाचून वाचून काय करणार. एकीनं दोघींच्या तोंडावर दार लावलं.

मशीनमध्ये मेमरी वाढवली. कॅसेट उतरवायच्या वेळी डिस्कवर टाकायची ती सोय कहकशां बंदच करून ठेवायची. मशीन अडलं, बंद पडलं, केलेलं काम गेलं, तरी चालेल. नंतर नव्या मशीनमध्ये बंद होताना ती जागा आपोआप पुसली जायची सोय आली, ती तिनं पहिल्या दिवशी सुरू केली. मशीन बंद व्हायला फार वेळ लागायचा. मुज्तबा वैतागायचा, पण बटण दाबून मध्येच बंद करायचा नाही. त्यानंतर जुनी डिस्क त्या घरातून अख्खी कधी बाहेर गेली नाही.

अक्षराला नांदेडला सोडायला जाताना शिवम्मा लातुरात उतरली आणि पत्ता विचारत कहकशांच्या दारात आली. मुलगी बसस्टँडवर सामानापाशी होती. कहकशांनं खुर्ची दिली, पाणी दिलं. शिवम्मा मशीनकडं बघत राहिली.

“हे बंद कर.”

कहकशांनं बंद केलं. पडदा काळा झाला.

“त्येचा दिवा जळायलाय.”

तिनं मागचं बटण दाबलं. दिवा गेला.

“वायर बी काढ.”

कहकशांनं भिंतीतला पिन उपटला आणि वायर टेबलावर, शिवम्माला दिसेल अशी ठेवली. शिवम्मानं ती हातात धरून पाहिली, मग मांडीवर घेतली. दाराकडं एकदा बघितलं, खिडकीकडं बघितलं. नवरा घरात नाही ना, विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं पदर सावरला आणि बोलायला लागली.